वडलांना स्टेंट आहे, पाच-सहा महिने अमेरिकेला जायचंय, इन्शुरन्स कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय ते आधी एकदा नीट मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते कळंल. वडील ६८ चे, बीपी-शुगर जुनी, चार वर्षांमागं स्टेंट टाकलेला. आई ६३ ची, थायरॉईडची गोळी चालू अन् गुडघे दुखतात. ताईचं पहिलं बाळंतपण न्यू जर्सीत आहे म्हणून दोघं ऑक्टोबरच्या शेवटी हैदराबादहून निघणार अन् मार्चअखेरीला परत येणार. व्हिसाचं काम करणाऱ्या एजंटानं ५० हजार डॉलरची एक स्वस्तातली पॉलिसी दाखवलीय, ताईनं तिकडची एक बघितलीय ती तिच्या जवळजवळ तिप्पट महाग आहे. एजंट म्हणायलाय की शुगर अन् स्टेंटचं काही लिहू नका, मित्र म्हणायलाय की अमेरिकेच्या व्हिसाला इन्शुरन्स लागतच नाही तर पैसे कशाला घालवता. आणि यातून तुमचा प्रश्न, कंपनी कोणती चांगली?

मी परभणी-नांदेड-लातूर भागात आरोग्य विम्याचंच काम करतो, अन् आता आमच्याकडं दर दिवाळीच्या आधी असे बरेच आईवडील येतात, कुणाचा मुलगा टेक्सासला, कुणाची मुलगी न्यू जर्सीला. माझं म्हणणं असं की कंपनीचं नाव हा नंतरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की उद्या वडलांना तिकडं छातीत दुखलं तर ही पॉलिसी नेमके किती पैसे देणार अन् कोणत्या कारणानं नाही म्हणू शकते. बॅग हरवली, पासपोर्ट हरवला, विमान लेट झालं, ह्याचे कव्हर कोटेशनमध्ये वरती मोठ्या अक्षरात असतात, त्याच्यावर निर्णय घेऊ नका, ते सगळं मिळून जे नुकसान होईल ते घर सोसू शकतं. हॉस्पिटलचं बिल सोसू शकत नाही.

मित्राचं आधी घेतो. व्हिजिटर व्हिसाला अमेरिका इन्शुरन्स मागत नाही, हे त्याचं खरं आहे. पण न मागणं म्हणजे गरज नसणं नव्हे. तिकडं पासष्टीच्या पुढच्या लोकांना जी सरकारी मेडिकेअर मिळते ती फिरायला आलेल्यांना मिळत नाही. ताईच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये आईवडलांना घालता येईल का हे पण खूप जण विचारतात, तर सहसा नाही, त्यात नवरा-बायको अन् मुलंच बसतात. इथलं आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले योजना ही इथल्या यादीतल्या हॉस्पिटलांपुरती, आपला नेहमीचा मेडिक्लेम पण परदेशाचं कव्हर वेगळं लिहिलेलं नसंल तर भारतापुरताच. कुणी तुम्हाला असं पण सांगंल की तिकडं इमर्जन्सीत पेशंटला परत पाठवत नाहीत. बरोबर, १९८६ पासून तसा कायदाच आहे, इमर्जन्सी रूममध्ये आलेल्या माणसाला तपासून स्थिर करावंच लागतं, पैसे असोत नसोत. पण बिल माफ असं त्या कायद्यात कुठं नाही, ते नंतर घरी येतं, अन् हार्टॲटॅकसाठी दोन-चार दिवस ॲडमिट अन् अँजिओप्लास्टी झाली तर ते आरामात लाखभर डॉलरच्या घरात जाऊ शकतं. म्हणजे परभणीतला एक प्लॉट. त्यामुळं इन्शुरन्स घ्यायचाच, ह्यात मला दुसरा विचार दिसत नाही.

आता एजंटाचा सल्ला. शुगर-स्टेंट लपवा हे जो सांगतो त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका, एवढं सरळ सांगतो. इमर्जन्सी रूममध्ये गेल्या गेल्या रक्त काढतात, त्यात शुगर दिसते. अँजिओग्राफी केली की जुना स्टेंट पडद्यावर दिसतो. नंतर कंपनी इथल्या डॉक्टरांचे जुने कागद मागते, क्लेम मोठा असला की हमखास मागते. मग फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं अन् कागदावर 'आहे', एवढ्या एका गोष्टीवर अख्खा क्लेम जातो, कधीकधी ज्याचा हृदयाशी संबंध नाही असा सुद्धा. स्टेंटला चार वर्षं झाली म्हणजे तो जुना झाला असं पण समजू नका. भारतात आता पीईडीची, म्हणजे आधीपासूनच्या आजाराची व्याख्या साधारण आधीच्या ३६ महिन्यांतलं निदान किंवा उपचार अशी आहे, पण वडील रक्त पातळ करायची गोळी रोज घेतात ना? मग उपचार आजही चालूच आहे.

ताईनं बघितलेल्या अमेरिकन प्लॅनमध्ये बहुतेक आजाराचा प्रश्नच विचारलेला नसंल. त्याचा अर्थ त्यांना चालतं असा नाही, ते घेताना विचारत नाहीत, क्लेम आला की तपासतात.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ पॉलिसीच्या ह्या एकाच भागावर घाला, पीईडीबद्दल काय लिहिलंय. ब्रोशर नाही, पॉलिसी वर्डिंग मागायचं, ते २५-४० पानांचं असतं. त्यात साधारण तीन प्रकार सापडतात. काहींमध्ये पीईडी पूर्ण बाहेर. भारतीय पॉलिसींमध्ये बऱ्याचदा असं असतं की पीईडीमुळं जीवावर बेतलं तरच, अन् तेवढा धोका टळंपर्यंतच, तेही वेगळ्या ठरलेल्या रकमेपर्यंत. ती रकम बघा, वर ५० हजार डॉलर लिहिलेलं अन् आत ह्या कलमाला त्याचा एक छोटा तुकडाच दिलेला असू शकतो. तिसरा प्रकार अमेरिकेतल्या व्हिजिटर प्लॅनमधला, त्याला 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन' म्हणतात. म्हणजे आजार जुना, पण अचानक, आधी कुठलंही लक्षण किंवा डॉक्टरांचा इशारा नसताना उसळला, अन् बहुतेक प्लॅनमध्ये २४ तासांच्या आत उपचार घेतला, तर कव्हर. हळूहळू वाढत गेलेलं असंल तर नाही. ह्यात वयाची अट असते, बऱ्याच प्लॅनमध्ये ७० च्या पुढं अन् मग ८० च्या पुढं रक्कम एकदम खाली येते किंवा कलमच बंद होतं. काही ठिकाणी हृदय अन् स्ट्रोकसाठी परत वेगळी कमी मर्यादा असते. तुमचे वडील ६८ चे आहेत म्हणून हे कलम त्यांना पूर्ण रकमेला मिळू शकतं, पण हृदयाची मर्यादा वेगळी आहे का ते ताईला नाव घेऊन विचारायला लावा, ईमेलवर, फोनवर नाही.

दुसरी गोष्ट फिक्स्ड अन् कॉम्प्रिहेन्सिव्ह. इथंच ती तिप्पट किंमत कुठून आली ते कळतं. फिक्स्ड प्लॅनमध्ये प्रत्येक गोष्टीला आकडा ठरलेला असतो, खोलीला दिवसाला इतके, आयसीयूला इतके, सर्जनला इतके, भूलतज्ज्ञाला इतके. समजा खोलीला दिवसाला १,५०० डॉलर अन् ऑपरेशनला ३,००० असं लिहिलंय, चार दिवस राहिले, तर हातात येणार ९,००० अन् त्याच्यात थोडंफार किरकोळ. बिल ६० हजाराचं असलं तर बाकीचे ५० हजार तुमचे, वर कव्हर कितीही लिहिलेलं असू द्या. भारतीय पॉलिसींमध्ये पण ६० च्या पुढच्या लोकांना बऱ्याच कंपन्या अशा सब-लिमिट लावतात, जास्त हप्ता देऊन काही ठिकाणी त्या काढता येतात. एजंटाच्या पॉलिसीत ह्या आहेत का तेवढं बघा, मला वाटतं असणार.

कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये हिशोब वेगळा. आधी डिडक्टिबल तुम्ही भरायचं, समजा २५० डॉलर. मग पुढच्या ५,००० डॉलरचे ८० टक्के कंपनी अन् २० टक्के तुम्ही, म्हणजे तुमचे १,०००. त्याच्या पुढं कव्हर संपेपर्यंत सगळं कंपनी. म्हणजे २० हजाराच्या मान्य बिलात तुमच्या खिशातून १,२५० जाणार अन् १८,७५० कंपनी देणार. बिल ६० हजार झालं तरी तुमचे १,२५० च. मी ह्याच्यासाठी आग्रह धरतो कारण घरच्यांना आधीच माहीत असतं की जास्तीत जास्त किती जाणार. हप्ता जड वाटला तर कव्हर कमी करू नका, डिडक्टिबल ५०० किंवा १,००० करा, तेवढे ताई-जावई सांभाळू शकतील. हप्ता चांगलाच उतरतो.

मग भारतीय घ्यायची का तिकडची? हे माणसावर आहे. आई-वडील पन्नाशीतले, गोळी नाही, महिनाभर जायलेत, तर इथली चांगली पॉलिसी पुरते अन् स्वस्त पडते. इथल्या पॉलिसीचा अजून एक फायदा, भांडण झालं तर दाद मागायला जागा जवळ आहे, कंपनीनं नीट उत्तर दिलं नाही तर सरकारी विमा नियामकाचं विमा भरोसा पोर्टल, अन् नंतर इन्शुरन्स ओंबड्समन म्हणजे विमा लोकपाल, आपल्या मराठवाड्याला पुण्याचं ऑफिस लागतं, वकील लागत नाही, फी नाही. तिकडच्या पॉलिसीचं भांडण ताईलाच तिकडं भांडावं लागणार. पण तिकडच्या प्लॅनचं हॉस्पिटलांशी नेटवर्क असतं, पीपीओ म्हणतात, कार्ड दाखवलं की बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटल सरळ त्यांनाच बिल पाठवतं अन् ठरलेल्या कमी दरानं पाठवतं. स्टेंट, शुगर, बीपी, ६८ वय अन् पाच महिने मुक्काम, हे सगळं एकत्र धरलं तर वडलांसाठी मी तिकडचा कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन, किमान एक लाख डॉलरचा, अक्यूट ऑनसेट कलम असलेला, हाच घेईन. आईला पण त्याच कंपनीचा घ्या, कार्ड-फोन नंबर एकच राहिलेला बरा, अडचणीच्या वेळी ताईला दोन कंपन्या सांभाळायला नकोत, ती स्वतःच बाळंतीण असणार. पैशाची अगदीच ओढ असंल तर आईची इथली घेतली तरी चालंल, पण सब-लिमिट नसलेली.

आता जे बहुतेक पॉलिसींत बसत नाही ते. शुगर-बीपीची रोजची तपासणी, गोळ्या, चष्मा, दातांचं काम, आईच्या गुडघ्यांचं दुखणं हे कव्हर नाही, कारण ते हळूहळूचं आहे. आई बर्फावरून घसरून हात मोडला तर तो अपघात, तो आहे. हे हसण्यावारी नेऊ नका, आपल्या भागातल्या लोकांना बर्फाची सवय नाही, अन् डिसेंबर-जानेवारीत तिकडं अंगणातलं पाणी गोठून काचेसारखं होतं. पहिल्याच आठवड्यात ताईला चांगल्या ग्रिपचे बूट घ्यायला सांगा, चपलेवर बाहेर पडू देऊ नका.

गोळ्या इथूनच न्यायच्या. तिकडं येणाऱ्यांनी साधारण ९० दिवसांच्या गोळ्या स्वतःसाठी आणाव्यात असा तिथल्या औषध प्रशासनाचा ढोबळ नियम आहे, तुमचा मुक्काम पाच महिन्यांचा आहे म्हणून डॉक्टरांकडून इंग्रजीत, कंपनीचं नाव नाही तर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन अन् पूर्ण मुक्कामाचं पत्र घ्या, गोळ्या मूळ पाकिटात ठेवा अन् हातातल्या बॅगेत. नंतर कुरिअरनं पाठवू असं धरून चालू नका, ते अडकतं. मूळ नावाचा दुसरा फायदा असा की गरज पडली तर तिथला डॉक्टर त्याच औषधाची जेनेरिक लिहून देऊ शकतो.

जायच्या आधी वडलांची तपासणी कधी करायची हे महत्त्वाचं आहे. आत्ताच करा, निघायच्या आठवड्यात नाही. ईसीजी, टूडी इको, तीन महिन्यांची शुगर, क्रिएटिनिन. कारण असं की अक्यूट ऑनसेटच्या व्याख्येत 'डॉक्टरांचा आधी इशारा नको' असं आहे. निघायच्या आधी चार दिवस इको केला, डॉक्टर म्हणाले एकदा अँजिओ करून घ्या, अन् तुम्ही 'आल्यावर बघू' म्हणून विमानात बसवलं, तर तो कागद पुढं क्लेमच्या विरोधात उभा राहतो. अन् कागदाचं सोडा, वडलांच्या जीवाला धोका आहे. आता तपासलं तर काय करायचं ते इथंच, ओळखीच्या डॉक्टरांकडं, आपल्या खर्चात करून होतं. सगळं ठीक असंल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या लेटरहेडवर एक पान लिहून घ्या, स्टेंट कोणत्या तारखेला, कोणत्या नळीत, आज तब्येत स्थिर, प्रवासाला हरकत नाही. स्टेंटचं कार्ड मिळालेलं असतं त्याचा फोटो ताईच्या मोबाईलमध्ये ठेवा.

अजून एक गोष्ट सांगतो जी कुठल्या ब्रोशरमध्ये नसते. नांदेड जिल्ह्यातल्या एका काकांना तिकडं रात्री छातीत दुखलं, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं किती दिवसांपासून, काका म्हणाले लई दिवसांपासून दुखायलंय. ते पाठीचं सांगत होते. जावई घाबरलेला, त्यानं तसंच सांगितलं, डॉक्टरांनी तसंच लिहिलं, अन् पुढं कंपनीनं तेच वाक्य धरून म्हणलं की त्रास जुना अन् चालू होता, अचानक नव्हता. कागद दुरुस्त करून घेता घेता घरच्यांचे महिने गेले. तेव्हा खरं सांगायचं, पूर्ण सांगायचं, पण वेगवेगळं सांगायचं, पाठ कधीपासून, छाती आज किती वाजल्यापासून. वडलांना इंग्रजी जमत नसंल तर हॉस्पिटलकडं दुभाष्या मागा, बहुतेक हॉस्पिटलांना तो फुकट द्यावा लागतो, मराठीचा फोनवर मिळू शकतो. डिस्चार्जच्या आधी ताईनं नोट वाचून घ्यावी.

कुठं जायचं हेही आधीच ठरवा. ताप, खोकला, पोट बिघडलं, लघवीला जळजळ, असल्या गोष्टींना जवळचं अर्जंट केअर, म्हणजे साध्या तातडीच्या दुखण्याचा दवाखाना, ते इमर्जन्सी रूमच्या मानानं लई स्वस्त. काही प्लॅनमध्ये साध्या कारणाला इमर्जन्सी रूममध्ये गेलात तर वेगळं डिडक्टिबल लागतं. पण छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, दम लागणं, ह्याला विचार करत बसायचं नाही, ९११ लावायचा, तो तिकडचा इमर्जन्सीचा नंबर. अँब्युलन्सच्या बिलाला घाबरून कुणी गाडीत घालून नेऊ नका. अन् कंपनीला लगेच फोन करायचा, बहुतेक पॉलिसीत २४ ते ४८ तासांची मुदत असते. पीकविम्यात नुकसान ७२ तासांत कळवायचं राहिलं की काय व्हायचं ते आपल्याला माहीत आहे, इथंही तसंच.

बिलं एकदम येत नाहीत. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं, अन् आईवडील परत आल्यावर सुद्धा ताईच्या पत्त्यावर येत राहतात. पहिलं बिल आलं की घाबरून कार्डनं भरून टाकू नका. तपशीलवार बिल मागा, इन्शुरन्सकडं गेलंय का विचारा, कंपनीचं उत्तर येऊ द्या. आपल्या वाट्याला मोठी रक्कम आलीच तर बऱ्याच नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलांत आर्थिक मदतीचा अर्ज असतो, तो मागायला लाजू नका.

दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी दोनच ओळी, कारण नियम वेगळे आहेत. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचं कव्हर लागतंच. कॅनडाच्या सुपर व्हिसाला, म्हणजे तिकडं राहणाऱ्यांच्या आईवडलांना लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसाला, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं अन् प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्षाचं कव्हर लागतं, तिथं स्वस्त ट्रॅव्हल पॉलिसी चालत नाही. ब्रिटनला व्हिजिटर म्हणून गेलात तर इमर्जन्सी विभागातली तपासणी फुकट, पण ॲडमिट झालात की बिल लागतं, तेही तिथल्या सरकारी दराच्या दीडपट.

पॉलिसीची तारीख हैदराबादहून निघायच्या दिवसापासून घ्या, न्यू जर्सीत उतरायच्या नाही, मध्ये आखातात विमान बदलणार असंल तर तिथंही कव्हर पाहिजे. अन् परतीच्या पुढं १०-१५ दिवस जास्तीचे घ्या. बाळंतपणात तारखा पुढं जातातच, अन् भारतीय पॉलिसी वाढवायची असली तर ती संपायच्या आत अर्ज करावा लागतो, अन् मध्ये आजारपण झालेलं असंल तर वाढवून मिळंलच असं नाही. तिकडचे बरेच प्लॅन क्लेम झालेला नसंल तर लवकर परत आल्यावर उरलेल्या दिवसांचे पैसे थोडी फी कापून देतात, ते ताईनं विचारून घ्यावं. हो, अन् बाळाचं नाव ताईच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये जन्मानंतर साधारण ३० दिवसांच्या आत घालावं लागतं, आजी-आजोबांच्या गडबडीत ते राहू देऊ नका.

शेवटचं तुम्ही विचारलेलं नाही पण तुमच्या लिहिण्यात आलंय, वडलांचा इथला मेडिक्लेम डिसेंबरमध्ये रिन्यूअलला आहे. तेव्हा ते तिकडं असणार, ओटीपी त्यांच्या इथल्या सिमवर येणार, अन् ते सिम बंद असणार. वर्षाच्या हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची जादा मुदत मिळते, ती पण चुकली तर पॉलिसी तुटते, जुनी वर्षं जातात, अन् स्टेंट असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला नवीन पॉलिसी मिळणं लई अवघड आहे, मिळाली तरी पीईडीला परत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेव्हा निघायच्या आधी कंपनीकडं तुमचा मोबाईल नंबर अन् ईमेल नोंदवून घ्या, हप्ता आधी भरून घेत असतील तर आत्ताच भरा, नसतील तर तुमच्या बँक खात्यातून ऑटो डेबिट लावा, अन् वडलांच्या सिमचं रोमिंग नाही तरी रिचार्ज मार्चपर्यंत चालू ठेवा.